गुरुदीक्षेचा सोहळा आणि पूर्वीच्या संन्याशांचे ऋण

आपल्या ज्ञातीतील एखाद्या घरचा मुलगा गुरुदीक्षा घेतो, तेव्हा तो सोहळा त्या एका घराचा राहत नाही. साऱ्या आळीला निमंत्रण जाते, मांडव पडतो, दूरवर नोकरीनिमित्त गेलेले आप्त गावी परततात, आणि नवदीक्षित धर्मगुरूचा पहिला आशीर्वाद घेण्यासाठी म्हातारीकोतारी माणसेही रांगेत उभी राहतात. दीक्षाविधीनंतर जी सत्काराची सभा भरते, तीत पूर्वीच्या परदेशी मिशनरी संन्याशांचे स्मरण करण्याचा प्रघात आहे. त्यांनी सात समुद्र ओलांडून सुवार्ता आणली म्हणून आजचा दिवस दिसला, असे वक्ते सांगतात व श्रोते माना डोलावतात. हा प्रघात चांगला आहे व तो चालू राहावा, असेच आम्हांस वाटते. परंतु ऋण मानावयाचे तर ते कोणाचे, कशाबद्दलचे आणि किती, हेही ठाऊक असले पाहिजे. ज्याला कर्जाचा आकडा माहीत नाही, तो ते फेडणार कसे? म्हणून यंदाच्या दीक्षाविधीचे निमित्त साधून या विषयाचा थोडा सविस्तर विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या विधीकडेच पाहू. दीक्षार्थी वेदीपुढे साष्टांग पडून राहतो आणि त्या वेळी संतांची लितानी म्हटली जाते. एकेक नाव उच्चारून त्याच्यासाठी मध्यस्थीची याचना होते. नंतर बिशप काही न बोलता त्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवतात. त्यांच्या मागोमाग उपस्थित असलेले सारे धर्मगुरू एकामागून एक येऊन तसेच हात ठेवतात. पुढे त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावले जाते. या विधीचा अर्थ इतकाच की, याजकपद कोणी आपल्या कर्तबगारीने मिळवीत नाही. ते हाताखालून हात असे आलेले असते. तेव्हा आपल्या भूमीत हे हात कोठून आले आणि ही साखळी मध्ये कोठे तुटता तुटता राहिली, हा प्रश्न अशा दिवशी मनात येणे साहजिक आहे.

वसईच्या ख्रिस्ती इतिहासाचा आरंभ धर्मकार्यातून झाला नसून एका तहातून झाला, हे विसरून चालणार नाही. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. राज्यसत्तेच्या पाठोपाठ संन्यासी आले. त्यांत अग्रमान फ्रान्सिस्कनांचा. अन्तोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन संन्याशाचे नाव वसई व साष्टी या दोन्ही भागांच्या इतिहासात आरंभीच येते. संत फ्रान्सिस झेवियर हेही वसईस एकाहून अधिक वेळा येऊन गेले, आणि १५४८ च्या सुमारास जेझुइटांनी येथे आपले कार्य सुरू केले. पुढे दोमिनिकन व ऑगस्टिनियन आले. किल्ल्यात एकामागून एक मठ, देवळे व विद्यालये उभी राहिली. आज त्या किल्ल्यात गेल्यास जेझुइटांच्या देवळाची दर्शनी भिंत दिसते, आणि फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनच्या देवळात भग्न भिंतींच्या मध्ये जमिनीवर बसविलेल्या थडग्यांच्या शिला दिसतात. छप्पर गेले आहे, पण शिलांवरील अक्षरे पुष्कळ ठिकाणी अद्याप लागतात.

या संन्याशांनी काय दिले? त्यांनी गावोगाव देवळे बांधली. देवळाला लागून शाळा चालविल्या. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवण्याची शिस्त घालून दिली. आपल्या ज्ञातीच्या नावावरही त्या काळाची मुद्रा आहे. 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कोंपाद्रे' या शब्दापासून आला, असे मानले जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपिता होणाऱ्याशी जे नाते जडते, त्या नात्याचा तो शब्द आहे. एका संस्काराने जोडलेल्या नात्याचे नाव साऱ्या समाजाने धारण करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर आपले स्मरण अपुरे राहील. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर घ्या. ते मुळात शिवाचे प्राचीन लेणे. १५४७ च्या सुमारास ते फ्रान्सिस्कनांच्या ताब्यात आले. लेण्यात ख्रिस्ती उपासना सुरू झाली, त्याच्या माथ्यावर विद्यालय उभे राहिले आणि जुन्या देवस्थानाचे उत्पन्न त्या कामी लावण्यात आले. त्या विद्यालयात अनाथ व गरीब मुलांना अन्न, वस्त्र व विद्या मिळाली हे खरे. आणि ज्यांचे ते देवस्थान होते त्यांच्याकडून ते हिरावले गेले हेही तितकेच खरे. आज टेकडीवर विद्यालयाच्या भिंतींचे अवशेष आहेत आणि खाली लेण्यात नटराजाचे शिल्प आहे. या दोहोंपैकी एकाकडे पाठ फिरवून उभे राहणारास त्या जागेचा इतिहास समजला, असे म्हणता येणार नाही.

मंडपेश्वर हे एकटे उदाहरण नव्हे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि ते मध्ये काही वर्षांचा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने, कोणालाही बळजबरीने वा धाक घालून धर्मात आणणे योग्य नव्हे, असा ठराव केला. आणि त्याच सभेने देवळे मोडावी व हिंदूंचे सार्वजनिक विधी बंद पाडावे, अशीही मागणी राजसत्तेकडे केली. एकाच सभेच्या कागदांत ही दोन्ही वाक्ये आहेत. यावरून असे दिसते की, त्या संन्याशांपैकी जे खरोखर सुवार्तेसाठी आले होते त्यांनाही राज्याच्या तलवारीची सावली आपल्या कार्यावरून काढून टाकता आली नाही. काहींनी तर ती सावली सोयीची मानली. आमच्या ज्ञातीपुरते बोलावयाचे तर, आमच्या पूर्वजांपैकी कोण श्रद्धेने आला, कोण लाभाने आणि कोण धाकाने, याचा निवाडा आज कोणी करू शकत नाही. आमच्या शेजारच्याच गावांत सामवेदी हिंदू कुटुंबे नांदत आहेत. त्यांची व आमची बोली एक, बागायतीची रीत एक आणि केळी व पानवेलींशी असलेला पिढ्यान्पिढ्यांचा संबंधही एक. ती कुटुंबे आमच्या इतिहासाचीच दुसरी फांदी आहेत. संन्याशांचा गौरव करताना या फांदीला दुखावणारा एकही शब्द आपल्या व्यासपीठावरून जाऊ नये, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या संन्यासी संघांनी येथील लोकांना बाप्तिस्मा दिला. पण आपल्या पंगतीत त्यांना बसवून घेण्यास मात्र ते फार काळ राजी नव्हते. जुन्या जेझुइट संघात १५७५ साली प्रवेश मिळालेले केरळचे पेरो लुईस यांच्याखेरीज भारतीयांस जवळजवळ थाराच मिळाला नाही. इतर संघांचीही रीत बहुधा तीच होती. देशी माणूस श्रोता चालेल, दुभाष्या चालेल, धर्मशिक्षक चालेल. संघाचा सभासद म्हणून चालणार नाही, अशी ही रीत होती.

या पार्श्वभूमीवर आमच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र वाचावे. त्यांचा जन्म वसईत १५५६ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते जेझुइटांबरोबर जपानास गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली व कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी काही काळ व्यापार केला आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्यांना व्रतस्थ बंधू म्हणून आपल्या संघात घेतले. पुढे पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनांबरोबर ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आले आणि तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभे राहून बोलले. काही वर्षांत छळ सुरू झाला. सव्वीस जणांना पकडण्यात आले. त्यांचे डावे कान कापून त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन हिवाळ्यात चालवीत नेण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्या सव्विसांत सहा फ्रान्सिस्कन होते. बाकीचे सारे जपानी. १६२७ साली गोन्सालो यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व सव्वीस जणांना संतपद दिले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वसईचा पहिला संत हा धर्मगुरू नव्हता. त्याला वेदीवर उभे राहून मिस्साबलिदान अर्पण करण्याचा अधिकार कधीच मिळाला नाही. ज्या संघाच्या शाळेत तो शिकला, त्या संघाचे दार त्याला उघडले नाही. तरीही ज्या सुवार्तेसाठी परदेशी संन्यासी त्याच्या गावी आले होते, ती सुवार्ता घेऊन तो स्वतः परक्या देशी गेला. पूर्वीच्या मिशनऱ्यांचे स्मरण म्हणजे केवळ पश्चिमेकडून आलेल्यांचे स्मरण नव्हे. वसईहून पूर्वेकडे गेलेला हा मिशनरीही त्याच पंक्तीत बसतो.

परदेशी संन्याशांपैकी ज्यांनी या भूमीशी खरे नाते जोडले, त्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी माणसाच्या ओठी सर्वांत आधी येते. ते इंग्रज जेझुइट. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले आणि १६१९ साली निधन होईतो सुमारे चाळीस वर्षे तेथेच राहिले. गोव्यातील साष्टीच्या खेड्यांत वावरून त्यांनी कोकणी व मराठी या भाषा आपल्याशा केल्या. त्यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ते सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले, पण भाषा मराठी, छंद ओवी आणि घाट पुराणाचा. कोकणी भाषेचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. मात्र या भाषाप्रेमाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६४९ व १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. पण या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज ठावठिकाणा नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. एका संन्याशाने चाळीस वर्षे खपून जे जोडले, ते तोडण्यास सत्तेला एक फर्मान पुरेसे वाटले. पण भाषा फर्मानाने मरत नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुराण पुन्हा छापले गेले आणि पुढे देवनागरीतही आले.

येथवर संन्याशांची कथा झाली. आता त्यांच्यामागे काय उरले, ते पाहावयाचे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. तहाच्या कलमांत ख्रिस्ती उपासनेस मुभा होती. परंतु परदेशी संन्यासी पोर्तुगीजांबरोबर निघून गेले. मठ ओस पडले, विद्यालये बंद झाली. काही घराणी पुन्हा हिंदू धर्मात परतली. ज्या धर्माला दोनशे वर्षे राजाश्रय होता, त्याचा आश्रय एका दिवसात गेला. तो धर्म केवळ सत्तेच्या जोरावर उभा असता, तर याच वेळी तो संपावयास हवा होता.

तो संपला नाही, याचे श्रेय मुख्यतः दोघांना आहे. पहिले, गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंना. गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली या साध्या, बहुधा अप्रसिद्ध याजकांनी पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलात वसईची देवळे सांभाळली. त्यांच्यापाशी ना सैन्य होते, ना मठांच्या जमिनी. याच गोव्याच्या देशी धर्मगुरुवर्गातून संत जोसेफ वाझ निपजले होते. १६५१ साली जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने देशी याजकांच्या संघाला वळण लावले. नंतर मजुराच्या वेषात श्रीलंकेत प्रवेश करून, डचांच्या बंदीमुळे धर्मगुरूंवाचून पोरक्या झालेल्या तेथील कॅथलिकांची १७११ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सेवा केली. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ज्यांना परदेशी संघांनी दारात उभे केले, त्यांनीच दुसऱ्या देशातील ओस पडलेले घर सावरले, ही नोंद इतिहासाने करून ठेवली आहे.

दुसरे श्रेय आपल्या घरांतील माणसांचे, विशेषतः आजी-पणज्यांचे. धर्मगुरू दूर असताना सायंकाळी घरात दिवा लावून रोझरी म्हणणारी, लेकरांना क्रुसाची खूण शिकविणारी आणि पोर्तुगीज शब्द आपल्या बोलीच्या वळणाने उच्चारून का होईना पण प्रार्थना जिवंत ठेवणारी ही माणसे कोणत्याही संघाची सभासद नव्हती. त्यांच्या नावाची शिला कोणत्याही देवळाच्या जमिनीत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १८८६ साली दमण धर्मप्रांत निर्माण होऊन वसई त्यात गेली. १९२८ साली ती व्यवस्था मोडली आणि हा भाग मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकारात आला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासना करण्यास वाट मोकळी केली, आणि जी मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये कानी पडत होती ती मराठीत होऊ लागली. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने मराठी लेखन-वाचनाची गोडी घरोघर पोहोचविली. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला. त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. स्टीफन्स यांनी ज्या भाषेची थोरवी गायिली, त्या भाषेच्या सर्वोच्च व्यासपीठावर चारशे वर्षांनी वसईचा एक धर्मगुरू बसला. दरम्यान, १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या किल्ल्यात गोन्सालो विद्यार्थी होते, त्याच वसईला आता स्वतःचे बिशप व स्वतःचे धर्मगुरू आहेत.

तात्पर्य काय? गुरुदीक्षेच्या दिवशी जे हात नवदीक्षिताच्या मस्तकावर टेकतात, त्यांच्यामागे नुसते अन्तोनियो दो पोर्तो वा झेवियर नाहीत. त्यांच्यामागे दारातून परत फिरविलेले गोन्सालो आहेत, भाषेवर जीव टाकणारे स्टीफन्स आहेत, गोव्याहून आलेले ते निनावी याजक आहेत आणि रोझरी म्हणणाऱ्या आपल्या पणज्या आहेत. परदेशी संन्याशांनी बी आणले, हे निर्विवाद. पण आपल्या अंगणातला मुलगा वेदीवर उभा राहतो, ही गोष्ट त्यांतल्या कित्येकांना शक्य वा इष्ट वाटली नव्हती. म्हणून आमचे म्हणणे असे की, आजची गुरुदीक्षा ही त्यांच्या कार्याची पूर्तता आहे आणि त्याच वेळी त्यांच्या एका उणिवेची दुरुस्तीही आहे. खरा सन्मान या दोन्ही गोष्टी सांगण्यात आहे. वडिलांचे गुण गावे आणि त्यांची चूक आपण पुन्हा करू नये, यातच पुत्रधर्म आहे.

यास्तव ज्ञातीतील कुटुंबांपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. एक, प्रत्येक धर्मग्रामाने जुन्या नोंदवह्यांतून १७३९ नंतर तेथे सेवा केलेल्या देशी धर्मगुरूंची नावे जमवावी आणि पुढील गुरुदीक्षेच्या सभेत परदेशी संन्याशांच्या नावांबरोबर तीही वाचली जावी. जुन्या वह्यांचा कागद दिवसेंदिवस जीर्ण होत आहे. हे काम पुढच्या पिढीवर टाकण्यात अर्थ नाही. दोन, ज्या घरांत वृद्ध माणसे आहेत, त्यांनी जुन्या प्रार्थना, गीते व देवळाच्या आठवणी आपल्या बोलीतच लिहून ठेवाव्या. कारण आमची बोली हा आमचा हिंदू शेजाऱ्यांशी असलेला सर्वांत जुना दुवा आहे. तीन, नवदीक्षिताच्या सत्काराला या शेजाऱ्यांनाही अगत्याने बोलवावे. जो सोहळा शेजाऱ्याला परका वाटतो, तो सुवार्तेचा सोहळा म्हणता येईल काय?

नवदीक्षित धर्मगुरूंना आमचे एवढेच सांगणे आहे. आपण ज्या गावी पाठविले जाल, त्या गावची भाषा आधी कानात साठवा, मग तोंडाने बोला. सत्तेचा, पैशाचा वा संख्येचा आधार आपल्या कार्याला कधी लागू देऊ नका. तो आधार मोडतो तेव्हा काय उरते, हे वसईने १७३९ साली पाहिले आहे. आपल्या दारी येऊन प्रवेश मागणाऱ्याला, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, माघारी धाडू नका. असा एक माघारी धाडलेला मुलगा पुढे आमचा संत झाला. पूर्वीच्या संन्याशांचे जे चांगले ते आपल्या हातून वाढो, त्यांच्याकडून जे राहून गेले ते आपल्या हातून पुरे होवो, आणि आपल्या मस्तकावर टेकलेले हात आपल्या मागून येणाऱ्यांच्याही मस्तकावर टेकोत, अशी प्रभूचरणी सर्व ज्ञातिबांधवांच्या वतीने आमची प्रार्थना आहे.